अंगणातल्या आमसुलांवर कर लागतो का? कर-कायद्याचा शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी

मे महिन्यात मालवणकडच्या कुठल्याही वाडीत सकाळी दहाच्या सुमारास जा. अंगणात, पत्र्यावर, जुन्या लुगड्यावर लालभडक सालं पसरलेली दिसतील. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात टाकायची. गरातून सुटलेल्या रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची आणि पुन्हा उन्हात घालायची. अशी काही दिवस पुटं चढली की साल काळपट होते, आक्रसते, आणि त्याचं आमसूल होतं. आमची काकू हे काम गेली चाळीस वर्षं करते. एकदा सालं उलटता उलटता तिने मला विचारलं, "तू कायदो शिकवतंस मां? मगे सांग बघू, ह्या आमसुलांच्या पैशांवर टॅक्स लागता काय नाय?"

"शेतीचं उत्पन्न आहे, करमुक्त," असं मी सांगितलं. रात्री कायदा उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं की हे उत्तर फार घाईचं होतं. झाडं कोणी लावली होती? सगळे रातांबे स्वतःच्याच झाडांचे होते का? कच्च्या रातांब्याला गिऱ्हाईक असताना तो वाळवून विकणं ही शेती की धंदा? आणि कर लागला तर तो शेवटी कोणाच्या खिशातून जाणार?

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प लिहिणारे, एलएल.एम.चा प्रबंध करणारे, करसल्लागाराकडे उमेदवारी करताना काही लिहावंसं वाटणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. कर-कायद्याचं लेखन तीन अंगांनी उभं राहतं: तरतूद काय म्हणते, रुपये किती होतात, आणि त्यामुळे माणसं काय करतात. आपल्याकडचे बहुतेक निबंध पहिल्या अंगावरच संपतात. बाकीच्या दोन अंगांसाठी मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. किनारपट्टीवरच्या एखाद्या गावात बसूनही ते काम उत्तम होतं, हे मी विद्यार्थ्यांकडून करून घेतलं आहे.

पायरी पहिली: एक वस्तू हातात घ्या

विद्यार्थी येतात ते असा विषय घेऊन: "भारतातील कृषी उत्पन्नावरील कर: एक चिकित्सक अभ्यास". या शीर्षकाखाली तीनशे पानं भरतात, पण त्यात स्वतःचं असं एक वाक्य सापडत नाही. म्हणून मी आधी वस्तू निवडायला सांगतो. आमसूल, काजू बी, कलमांची रोपवाटिका, मक्त्याने दिलेली आंब्याची बाग, मच्छीमार बोटीचं डिझेल, नगर परिषदेच्या हद्दीजवळचा शेताचा तुकडा. यातली कुठलीही एक घ्या आणि तिच्याबद्दल विचारा: कायद्यात हिची दोन वेगळी उत्तरं निघू शकतात का? निघत असतील तर त्या दोन उत्तरांमुळे कोणी वेगळं वागेल का? दोन्हीला "हो" आलं की विषय मिळाला.

मक्त्याच्या बागेचं उदाहरण बघा. मालक मुंबईला असतो आणि हंगामापुरती बाग ठरावीक रकमेला दुसऱ्याला देतो. शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीतून मिळणारं भाडं किंवा महसूल कायद्याच्या व्याख्येतच कृषी उत्पन्नात येतो, म्हणून मालकाची बाजू बऱ्यापैकी सरळ आहे. मक्ता घेणाऱ्याचं काय? त्याने फक्त तयार फळ उतरवून विकलं, तर तो उभ्या पिकाचा व्यापारी ठरतो. त्याने पावसाळ्याआधी खत घातलं, मोहोरावर फवारण्या केल्या, राखणीला माणसं ठेवली, तर चित्र बदलतं. करारनाम्यातल्या दोन-तीन ओळींनी उत्तर इकडचं तिकडे होतं, आणि असे करार बऱ्याचदा तोंडीच असतात. एका प्रबंधाला एवढं पुरे.

पायरी दुसरी: घटनेपासून खाली उतरा

वाचनाचा क्रम महत्त्वाचा आहे. थेट निकाल वाचायला घेऊ नका. आधी राज्यघटना, मग अधिनियम, मग नियम, आणि त्यानंतर निकाल.

अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. मग सातवी अनुसूची उघडा. केंद्राच्या सूचीतली नोंद ८२ उत्पन्नावरच्या कराची आहे, पण त्यातून कृषी उत्पन्न वगळलेलं आहे. राज्यांच्या सूचीतल्या नोंद ४६ मध्ये कृषी उत्पन्नावरचा कर आहे. म्हणजे शेतीला प्राप्तिकरातून मिळालेली सूट ही केवळ दिल्लीने दाखवलेली दया नव्हे. तिच्यामागे अधिकारांची वाटणी आहे. अनुच्छेद ३६६ कृषी उत्पन्नाची व्याख्या प्राप्तिकर कायद्यावर सोपवतो. त्या व्याख्येत फेरफार करणारं विधेयक आणायचं तर अनुच्छेद २७४ प्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस लागते, कारण व्याख्या ताणली किंवा आखडली की राज्यांच्या वाट्याला धक्का लागतो. एका शब्दाच्या अर्थावर दोन सरकारांचं उत्पन्न कसं टांगलेलं असतं, ते इथे दिसतं.

सूट मुळात आली कुठून, हेही शोधा. १८६० च्या पहिल्या प्राप्तिकरात शेतीचं उत्पन्न धरलेलं होतं. १८८६ च्या कायद्याने ते वगळलं. जमीन महसूल भरणाऱ्यावर दुसरा बोजा नको, हा तेव्हाचा युक्तिवाद. आज सातबाऱ्यावरचा आकार, म्हणजे जमीन महसूल, किती रुपये आणि किती पैसे आहे, ते स्वतः वाचून बघा आणि मग त्या युक्तिवादाचं वजन करा.

आता अधिनियम. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १०(१) सूट देतं आणि कलम २(१ए) व्याख्या करतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून निबंधात कुठल्या वर्षाच्या उत्पन्नाबद्दल बोलताय ते पहिल्याच पानावर लिहा. जुने निकाल जुन्या क्रमांकांनीच बोलतात, त्यामुळे मी इथे तेच वापरतो.

व्याख्येतला आपल्या कामाचा भाग असा: शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल बाजारात नेण्याजोगा व्हावा म्हणून शेतकरी सामान्यतः जी प्रक्रिया करतो, ती केल्याने मिळणारं उत्पन्नही कृषी उत्पन्नच. यातला प्रत्येक शब्द आमसुलावर लावून बघू.

"स्वतः पिकवलेला". काकूने शेजारणीकडून टोपलीभर रातांबे विकत घेऊन त्यांची आमसुलं केली, तर तेवढा भाग व्यापाराचा. "सामान्यतः". उन्हात सालं सुकवणं घरोघरी चालतं, पण विजेचा ड्रायर आणि सीलबंद पाकिटं घरोघरी नसतात. "बाजारात नेण्याजोगा". इथे खरी गाठ आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे ऊस आणि गूळ यांच्या बाबतीत हा वाद आलेला आहे: उसाला उसाच्याच रूपात बाजार असेल, तर गूळ करणं ही बाजारात नेण्यासाठीची गरज कशी म्हणायची? हाच प्रश्न रातांब्याला विचारा. कच्चा रातांबा विकला जातो, पण तो फार दिवस टिकत नाही. ज्या गावात कारखान्याची गाडी येते तिथे कच्च्याला बाजार आहे. जिथे गाडी पोहोचत नाही, तिथे वाळवण्यावाचून दुसरा मार्गच नाही. मग एकाच तालुक्यात रस्त्यावरच्या गावाला एक उत्तर आणि आतल्या वाडीला दुसरं, असं म्हणायचं का? हा निव्वळ कायद्याचा वाटणारा प्रश्न बाजारपेठेच्या अभ्यासाशिवाय सुटत नाही.

आणि सगळ्यांच्या आधीचा शब्द: "शेती". १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजा बिनयकुमार सहस रॉय यांच्या खटल्यात मूळ क्रिया आणि नंतरच्या क्रिया असा भेद केला. नांगरणी, पेरणी, लावणी यांसारखी जमिनीवर केलेली मेहनत म्हणजे मूळ क्रिया. निंदणी, राखण, तोडणी या नंतरच्या. मूळ क्रिया मुळीच नसेल तर नुसत्या नंतरच्या क्रियांनी शेती होत नाही. कोकणात कोकमाची कितीतरी झाडं कोणी लावलेली नसतात. पाखरांनी टाकलेल्या बियांतून ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला आपोआप उगवतात. त्यांच्या फळाचं उत्पन्न या कसोटीवर कुठे बसतं? भौगोलिक मानांकन मिळालेल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाबद्दल हा प्रश्न विचारणारा निबंध माझ्या वाचनात आलेला नाही. कोणीतरी लिहावा असं मला मनापासून वाटतं.

उत्पन्न मिश्र असेल तर नियम बघा. १९६२ च्या नियमांतला नियम ७ असं सांगतो की स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या कारखान्यात वापरला, तर त्या मालाचा बाजारभाव वजा करायचा आणि उरलेला भाग धंद्याचा धरायचा. स्वतःच्या हापूसचा पल्प काढणाऱ्याचा हिशेब असाच होतो. चहा, कॉफी आणि रबर यांच्यासाठी मात्र नियमांनी टक्केवारीच ठरवून दिली आहे. चहाच्या बाबतीत ४० टक्के धंद्याचं. आंबा, काजू आणि कोकम यांना अशी टक्केवारी का नाही, हाही एक चांगला विषय आहे.

कधी कधी न्यायालयातला वाद संसदच मिटवते. कलमं, रोपं पिशवीत किंवा कुंडीत वाढवली तर ती "जमिनीतून" आली का, यावर बरीच भांडणं झाली. २००८ च्या वित्त अधिनियमाने स्पष्टीकरण घालून रोपवाटिकेतल्या रोपांचं उत्पन्न कृषी उत्पन्न मानलं. दापोलीकडच्या कलमवाल्यांना याचा थेट फायदा झाला. अशी दुरुस्ती दिसली की त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाचं भाषण आणि विधेयकासोबतचं टिपण वाचा. सरकारने कारण काय दिलं आणि काय दिलं नाही, ते तिथे कळतं.

निकालांच्या बाबतीत एक कळकळीची सूचना. पूर्ण निकाल वाचा. माझ्या स्वतःच्या एलएल.एम.च्या प्रबंधात मी एका निकालाचा वरचा सारांश वाचून त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "हे न्यायालय नेमकं कुठल्या परिच्छेदात म्हणतं?" न्यायालयाने ते विधान पुढच्याच परिच्छेदात त्या खटल्याच्या वस्तुस्थितीपुरतं मर्यादित केलं होतं. ते प्रकरण मला पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतात, अधिनियम इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. सारांशावर भागवण्याला आता कारण उरलेलं नाही.

पायरी तिसरी: गणित स्वतः मांडा

वकिलीकडे येणाऱ्या मुलांना आकड्यांची भीती असते. पण करात तरतुदीचा अर्थ रुपयांत उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. "कृषी उत्पन्न करमुक्त आहे" हे वाक्यच बघा. शेतीच्या संपत्तीवर आणि उत्पन्नावर कर लावण्याचा विचार करणाऱ्या १९७२ च्या के. एन. राज समितीनंतर १९७३ च्या वित्त अधिनियमाने अंशतः एकत्रीकरणाची पद्धत आणली. शेतीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जातं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हे लागू होतं.

देवगडचे एक शिक्षक घ्या, वय साठच्या आत. पगाराचं करपात्र उत्पन्न ६ लाख, हापूसचं निव्वळ उत्पन्न ४ लाख. जुन्या करप्रणालीच्या दरांनी, उपकर बाजूला ठेवून, हिशेब असा होतो:

दोन्ही मिळून १० लाखांवरचा कर १,१२,५०० रुपये.
शेतीचे ४ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे २.५ लाख, म्हणजे ६.५ लाखांवरचा कर ४२,५०० रुपये.
वजाबाकी केली की देय कर ७०,००० रुपये.

शेती नसती तर याच शिक्षकांनी ६ लाखांवर ३२,५०० रुपये भरले असते. म्हणजे "करमुक्त" आंब्यामुळे त्यांचा कर ३७,५०० रुपयांनी वाढला. नव्या करप्रणालीत टप्पे आणि सूट वेगळी असल्याने उत्तर बदलतं, ते तुम्ही स्वतः मांडून बघा. आता दुसरा माणूस घ्या. त्याला फक्त शेतीचंच उत्पन्न आहे, आणि ते ४० लाख आहे. इतर उत्पन्न शून्य असल्यामुळे एकत्रीकरण त्याला लागूच होत नाही, आणि त्याचा प्राप्तिकरही शून्य. चार लाखांचा बागायतदार शिक्षक आणि चाळीस लाखांचा निव्वळ बागायतदार यांच्यातला हा फरक तक्त्यात मांडलात की परीक्षकांना तुमचा मुद्दा दोन मिनिटांत कळतो. याच चौकटीत महालेखापरीक्षकांचा कृषी उत्पन्नाच्या करनिर्धारणावरचा २०१९ चा अहवालही वाचून काढा. सूट देताना पुरावे कसे तपासले जातात, याचं चित्र त्यात आहे.

काकूच्या बाबतीत मात्र गणित प्रामाणिकपणे मांडायला हवं. तिचं वर्षाचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. व्याख्येत बसो वा न बसो, तिला कर लागणार नाही. मग एवढा काथ्याकूट कशाला? कारण काकूसारख्या बायका एकत्र आल्या, त्यांनी भागीदारी संस्था किंवा कंपनी काढली, की करमुक्त मर्यादा जाते आणि पहिल्या रुपयापासून कर सुरू होतो. शिवाय कंपनी रातांबे सभासदांकडून विकत घेते, म्हणजे "स्वतः पिकवलेला" हा शब्दही गळतो. एकटीने केलं तर प्रश्न नाही आणि संघटित होऊन केलं तर प्रश्न, अशी अवस्था येते. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच २०१८ च्या वित्त अधिनियमाने शेतकरी उत्पादक कंपन्यांना ठरावीक वर्षांपुरती वजावट दिली होती.

पायरी चौथी: भार कोणावर पडतो ते शोधा

अर्थशास्त्राची पुस्तकं कराघात आणि करभार असे दोन शब्द वापरतात. कायदा ज्याच्याकडून कर घेतो त्याच्यावर कराघात. शेवटी ज्याचा खिसा हलका होतो त्याच्यावर करभार. कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिला माणूस कलमात सापडतो. दुसरा बाजारात शोधावा लागतो.

यासाठी काजू बीसारखं उदाहरण नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातल्या मालापुरती नोंदणी लागत नाही. पण न सोललेली काजू बी शेतकऱ्याकडून नोंदणीकृत खरेदीदाराने घेतली, तर कर उलट दिशेने लागतो: विकणाऱ्याऐवजी घेणारा ५ टक्के भरतो. समजा किलोला १२० रुपये भाव ठरला. कारखानदाराने शेतकऱ्याला १२० द्यायचे आणि सरकारला ६ रुपये रोखीने भरायचे. पुढे काजूगर विकताना त्यावरच्या करातून हे ६ रुपये वळते करून घ्यायचे. वरवर पाहता भार कोणावरच नाही.

आता जवळून बघा. मोठा कारखाना हंगामात बी भरून ठेवतो आणि गर वर्षभर विकतो. त्याचे ६ रुपये काही महिने अडकतात, म्हणजे त्याला बसतो तो व्याजाचा भार. गावातला छोटा प्रक्रियादार, घरच्या पडवीत चार बायका आणि हाताने चालवायची यंत्रं, आपसमेळ योजनेत असतो, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरून मोकळा होतो. या योजनेत वळत मिळत नाही, पण उलट दिशेचा कर मात्र भरावाच लागतो. त्याच्यासाठी ते ६ रुपये पूर्ण खर्च आहेत. कायद्याचं कलम दोघांना एकच, आणि भार मात्र एकाला सहा रुपये तर दुसऱ्याला त्यावरचं व्याज. सोय म्हणून दिलेली योजना ज्याच्यासाठी होती, त्यालाच महाग पडते.

मग तो छोटा प्रक्रियादार हा खर्च शेतकऱ्यावर ढकलतो का? इथे लवचिकता ही कल्पना कामाला येते. ज्याला थांबता येतं, दुसरीकडे जाता येतं, तो भार झटकतो. हापूस पिकायला लागला की शेतकऱ्याला थांबता येत नाही. काजू बी वाळवून ठेवली की थांबता येतं, पण घरात लग्न किंवा दवाखाना निघाला की नाही. गावात खरेदीदार किती आहेत? परदेशातून येणारी बी कारखान्याला किती सहज मिळते? या उत्तरांवर तो भार कोणाच्या गळ्यात पडतो ते ठरतं. चार गावांतले एकाच आठवड्याचे भाव नोंदवून आणलेत, तर हे अनुमान तपासता येतं.

दुसरं उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करतं. एकाच गावात शेजारी शेजारी दोन घरं, एक बागायतदाराचं, एक बोटमालकाचं. दोघांचं उत्पन्न सारखं, दोघांचा धंदा हवामानाच्या भरवशावर. बागायतदाराचं उत्पन्न करमुक्त, आणि मासेमारी जमिनीतून होत नसल्यामुळे बोटमालकाचं करपात्र. सारख्या उत्पन्नाला सारखा कर, हे तत्त्व इथे गडग्याशी येऊन थांबतं. मात्र मासेमारी सहकारी संस्थेमार्फत केली तर जुन्या कायद्याचं कलम ८०पी वजावट देतं. डिझेल अजून वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो, आणि त्याचा परतावाही मच्छीमार संस्थांमार्फतच मिळतो. म्हणजे समुद्रावरच्या माणसाला कर-कायदा सहकाराकडे ढकलतो, आणि जमिनीवरच्याला एकटं राहू देतो. असं व्हावं असं कोणी ठरवलं होतं का? की तुकड्यातुकड्याने कायदे करताना ते घडत गेलं? संसदेतल्या चर्चा वाचून हे शोधण्यासारखं आहे.

तिसरं, थोडक्यात. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण म्हणजे काय ते नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ हवाई अंतरावर ठरतं: लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १० लाखांपर्यंत ६, त्यापुढे ८. चिपळूण, रत्नागिरीला २ लागतात, पनवेलला ६. त्या रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा तुकडा, माती तीच, रस्ता तोच. नोंदणी कार्यालयातले दर आणि प्रत्यक्ष व्यवहार यांची तुलना केली तर करसवलत जमिनीच्या किमतीत मुरते का, हे दिसू शकतं. मात्र कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही. गिऱ्हाईक आधीच मोजकं असतं, हे विसरून काढलेला निष्कर्ष टिकणार नाही.

परकी कल्पना उसनी घेताना ती इथल्या मातीत लावून पाहा. मायकेल हेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९९८ मध्ये मॉस्कोतल्या रिकाम्या दुकानांवरून मांडलं की एका मालमत्तेवर अनेकांना नकाराचा हक्क असला की ती वापराविना पडून राहते. तीस-पस्तीस नावांचा सातबारा आणि पडीक भरडं पाहिलेल्या कोकणी माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. पण आपल्याकडे आणखी एक कारण जोडावं लागतं: जमीन पडीक ठेवण्याचा कराच्या रूपात खर्च जवळपास काहीच नाही. हे जोडलंत की ती कल्पना तुमची होते.

मागे वळून पाहायचं तर

कायदा, महसूल आणि पैसा यांची गुंफण कोकणाने खोतीत भोगली आहे. खोत रयतेकडून वसूल करी आणि सरकारात भरी. या दोन रकमांमधल्या अंतरावर त्याची सत्ता उभी होती. १८८० च्या खोती कायद्याने त्या व्यवस्थेला चौकट दिली. १९३३ साली अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला आणि तो काही वर्षं चालला. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याआधी त्यांनी कोलंबिया विद्यापीठात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला होता आणि ते बॅरिस्टरही झाले होते. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने. तिन्ही अंगं एका माणसाच्या हातात आली की काय होतं, ते पाहायचं असेल तर ते विधेयक आणि त्यावरची भाषणं मुळातून वाचा. मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात हेच वाचायला देतो.

पायरी पाचवी: माणसांकडे योग्य वेळी जा

एप्रिल-मेमध्ये बागायतदाराला प्रश्न विचारू नका, पेट्या भरायच्या असतात. त्याच्याकडे गणपतीनंतर जा. मच्छीमार १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्त करत बोलतात. आमसुलांचं काम मात्र चालू असतानाच बघायला हवं. करसल्लागारांना विवरणपत्रांच्या मुदतीच्या महिन्यात गाठू नका.

"तुमचं उत्पन्न किती?" असं विचारलं की माणूस मिटतो. पाच डझनाच्या पेट्या किती गेल्या, वाशीला किती आणि घरून किती, दलालाने किती कापले, राखणीच्या नेपाळी गड्याला महिना किती, असं विचारा. आकडा आपोआप उभा राहतो. ज्याच्याशी बोलाल त्याला निबंध कशासाठी आहे ते आधी सांगा आणि नाव कुठेही छापू नका. छोट्या गावात "अमुक वाडीतला दोन बोटींचा मालक" एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून तपशीलही जपून द्या. पीक काढण्याच्या खर्चाचे आकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे मिळतात. ते तुमच्या नोंदींशी ताडून बघा.

पायरी सहावी: लिहिणं

पहिल्या पानावर वस्तू आणि प्रश्न. दुसऱ्या प्रकरणात तरतूद, तिच्या दोन्ही बाजूंच्या अर्थांसह. मग रुपये, मग माणसं. शिफारशी शेवटी आणि मोजक्या. "सरकारने योग्य ती पावले उचलावीत" हे वाक्य खोडून टाका. त्याऐवजी व्याख्येतल्या कुठल्या शब्दाच्या जागी कुठला शब्द घालायचा ते लिहा, आणि त्याने कोणाचा कर किती बदलेल ते दाखवा. स्वतःच्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट युक्तिवाद एका पानात मांडा. मी शेतीची सूट मर्यादित करावी या मताचा आहे, पण अवकाळी पावसात एका रात्रीत मोहोर गेलेली बाग मी पाहिली आहे. त्या बागायतदाराचं म्हणणं माझ्या प्रत्येक निबंधात त्याच्या बाजूने, पूर्ण जोराने येतं.

शेवटी, जिच्या अंगणात प्रश्न सापडला तिला उत्तर तिच्या भाषेत सांगा. काकूला मी एका संध्याकाळी सगळं समजावलं. आजोबांनी लावलेल्या झाडांचं एक, आपोआप उगवलेल्यांचं कदाचित दुसरं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे गडग्यावरच्या झाडाची सोलां येगळी सुकत घालूक होयी काय?" एकाच अंगणात, एकाच पातेल्यातल्या रसात भिजलेल्या सालांचा हिशेब वेगळा कसा ठेवायचा आणि तो सिद्ध कोणी करायचा, हे माझ्या निबंधात कुठेच नव्हतं. पुराव्याच्या ओझ्यावरचं चौथं प्रकरण मी त्यानंतर लिहिलं.